एक गळा, दोन गाणी

ताश्कंदच्या अलीशेर नवाई थिएटरात आज व्हेर्दी, पुच्चिनी, चायकोव्स्की यांचे ऑपेरे होतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र उझबेक भाषेत ऑपेराच नव्हता. स्वरलिपी वाचून गाणारे उझबेक गायक शोधावे लागत, आणि चारचौघांत उघड्या चेहऱ्यानं उभी राहून गाणारी बाई तर औषधालाही सापडत नसे. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत तिथं एक अख्खं ऑपेराघर उभं राहिलं. गायक, संगीतकार, वाद्यवृंद आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक हे सगळं घडवलं गेलं. या खटाटोपाचा बराचसा भार ज्या एका गळ्यानं पेलला, तो हलिमा नासिरोवा यांचा.

हलिमांचा जन्म 1913 च्या अखेरीला फरगाणा खोऱ्यातल्या कोकंदजवळच्या ताग्लिक गावी झाला. बाबराचा जन्म झाला तेच हे फरगाणा. रेशीम, कापूस आणि गाणं यांची तिथं मुळीच वाण नाही. ‘कत्ता अशुला’, म्हणजे मोठं गाणं, हा प्रकार याच खोऱ्यातला. साथीला वाद्य नाही, तालाचं बंधन नाही. दोघं-चौघं गवई आळीपाळीनं वरच्या पट्टीत गझलेचे शेर फेकतात. हातात एक बशी असते. ती तोंडाशी धरून, तिरकी करून गवई आवाजाला दिशा देतो, त्यामुळे उघड्या मैदानातही शब्द लांबवर पोचतात. युनेस्कोनं 2009 मध्ये या गायकीची नोंद मानवी वारशाच्या यादीत केली. मैदानात माईकशिवाय गाणाऱ्यांचा हा मुलूख आहे, हे आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

बायकाही गात होत्याच, पण घराच्या आतल्या चौकात, बायकांसमोर. लग्नकार्यात ‘यल्लाची’ गायिका दायरा या डफासारख्या वाद्यावर ताल धरायच्या; खिवा-ख्वारिझमकडे ‘खल्फा’ बायका पिढ्यान्‌पिढ्या आख्यानं गात आल्या. शहरी बाई रस्त्यावर निघाली की अंगावर परंजी असायची आणि चेहऱ्यावर चाचवान. चाचवान म्हणजे घोड्याच्या केसांचं विणलेलं काळं जाळं. कपाळापासून छातीच्याही खाली येणारं, जाड आणि ताठ. त्यातून रस्ता अंधूक दिसतो, पण तोंड उघडून सूर लावणं अशक्यच. उघड्यावर, पुरुषांसमोर होणाऱ्या गाण्या-नाचण्यात बाईचं सोंग पोरसवदा मुलगे घेत.

1924 मध्ये काही उझबेक मुलामुलींना नाट्यशिक्षणासाठी बाकूला पाठवण्यात आलं. अकराव्या वर्षात असलेली हलिमा त्यांत होती. बाकूची निवड विचारपूर्वक होती. भाषा तुर्की कुळातलीच, संस्कृती मुसलमानी, आणि ऑपेराचा अनुभव गाठीशी. उझेयिर हाजिबेयोव यांनी 12 जानेवारी 1908 रोजी तिथं ‘लैला-मजनू’ हा ऑपेरा रंगमंचावर आणला होता. त्यात मुघाम गायकीचे लांबलचक तुकडे गायकाच्या मर्जीवर सोडलेले होते आणि भोवतीनं युरोपीय वाद्यं होती. त्या पहिल्या प्रयोगात लैला एका पुरुषानं केली. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात अपूर्वाई वाटू नये. संगीत नाटक जन्माला घालणाऱ्या समाजांची पहिली अडचण बहुधा नायिका कुठून आणायची हीच असते. बाकूतही 1912 मध्ये शोव्कत मामेदोवा ही तरुण गायिका बुरख्याविना गायला उभी राहिली, तेव्हा गोंधळ होऊन तिला मंचावरून पळ काढावा लागला होता. हलिमा तिथं पोचल्या त्याला जेमतेम बारा वर्षं झाली होती.

तीन वर्षांनी, 1927 मध्ये, त्या परतल्या त्या थेट वादळात. त्या वर्षीच्या 8 मार्चला सोव्हिएत सरकारनं मध्य आशियात ‘हुजूम’ची मोहीम सुरू केली. हुजूम म्हणजे हल्ला. जुन्या चालीरीतींवरचा, मुख्यतः पडद्यावरचा. चौकाचौकांत परंज्यांच्या होळ्या पेटल्या. मॉस्कोहून आलेला फतवा आणि गावातली घरची इभ्रत यांच्या कात्रीत बायका सापडल्या. परंजी उतरवलेल्या शेकडो जणींचे खून पडले, त्यातले कित्येक घरच्यांच्याच हातून. तुर्सुनोय सैदअझिमोवा ही कोवळी गायिका 1928 मध्ये नवऱ्याच्या हातून मारली गेली. मर्गिलानची नुरखोन ही नर्तकी 1929 मध्ये भावाच्या सुऱ्याला बळी पडली. ती हलिमांच्याच वयाची होती. समरकंदच्या रंगमंचावर हलिमा पाय रोवत होत्या त्याच सुमारास या बातम्या येत होत्या. नाटकाला उभं राहणं हीच तेव्हा एका उझबेक मुलीसाठी जिवावरची गोष्ट होती. पुढे राज्यानं तिला पदकांनी मढवलं, पण सुरुवातीला धोका तिनं स्वतः पत्करला होता, हे तिच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना विसरून चालणार नाही.

मुहिद्दीन कारी-याकुबोव या भारदस्त आवाजाच्या गवयानं 1926 मध्ये एक संगीत मंडळी उभारली होती. आदल्याच वर्षी तो आणि तमारा खानुम ही नर्तकी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कार्यक्रम करून आले होते. 1929 मध्ये या मंडळीचं राज्य संगीत नाट्यगृह झालं, आणि 1939 मध्ये ऑपेरा-बॅले थिएटर. कागदोपत्री तेरा वर्षांत तीन पायऱ्या. गायकांना मात्र त्या अशा चढता येत नाहीत. आधीच्या संगीत नाटकांत संवाद असत, मध्येच ओळखीच्या चालीवरचं पद येई, साथीला दुतार, तंबूर, घिज्जक. नट दमला तर संवादावर निभावून नेता येई. ऑपेरात बोलायची सोय नाही. तीन तास सगळं गाऊनच सांगायचं, आणि तेही साठ-सत्तर वाद्यांच्या वरून.

अडचण नेमकी कुठे येते, हे जरा जवळून पाहू.

दुताराला दोन तारा असतात आणि परंपरेनं त्या रेशमाच्या. त्याचा आवाज मऊ, खोलीभर पुरेल एवढाच. त्याच्या साथीनं गाणाऱ्या बाईला जोर लावावा लागत नाही. तिचं कसब बारकाव्यांत दिसतं. स्वर हलवणं, घासणं, शेवटी हळूच ढाळणं या थरथरत्या हरकतींना तिथं ‘नोला’ म्हणतात. गाणं खालच्या पट्टीत सुरू होतं, पायरीपायरीनं वर चढतं आणि वरच्या टोकाला, म्हणजे ‘औज’ला, पोचून पुन्हा खाली उतरतं. ख्यालाची बढत ऐकलेल्या कानाला हा आराखडा लगेच ओळखू येईल. सगळा डोलारा एकाच सुरावटीवर उभा. हार्मनीचा पत्ता नाही. आणि बहुतेक वेळा गायची असते ती गझल. त्यामुळे शब्द कळला नाही तर ऐकणारा उठून जातो.

ऑपेराची सोप्रानो नेमकी उलट्या वाटेनं जाते. तिला माईकशिवाय वाद्यवृंद भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. स्वीडिश संशोधक योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात मोजमाप करून दाखवलं की वाद्यवृंदाचा सगळ्यात मोठा जोर 500 हर्ट्झच्या आसपास असतो. तयार पुरुष गायक घशाच्या पोकळीला असा आकार देतो की त्याच्या आवाजाची धार 3000 हर्ट्झच्या जवळपास जमते; तिथं वाद्यं क्षीण असतात, म्हणून आवाज वर तरंगतो. सोप्रानो उंच स्वरांत वेगळी युक्ती करते. जबडा जास्त उघडून ती तोंडाच्या पोकळीचा अनुनाद थेट त्या स्वराशी जुळवते. आवाज दुणावतो, पण स्वरवर्ण पुसट होतात; ‘इ’ आणि ‘उ’सुद्धा ‘आ’कडे झुकतात. म्हणजे जी युक्ती आवाज पोचवते तीच शब्द गिळते. मिलानमध्ये हे चालून जातं, तिथल्या प्रेक्षकाला कथा पाठ असते. ताश्कंदचा 1939 चा प्रेक्षक शब्दांसाठी आलेला होता.

1934 च्या सुमारास मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत उझबेक स्टुडिओ नावाचा खास वर्ग सुरू झाला. हलिमांना तिथं पाठवण्यात आलं. श्वास, स्वरलिपी, युरोपीय गायनाचे धडे असं रीतसर शिक्षण झालं. तिथून निघालेल्या काही गायकांचा आवाज पार इटालियन वळणाचा झाला आणि घरच्या गाण्यात तो उपरा वाटू लागला. हलिमांनी शिक्षणातून श्वासाचा दम घेतला, वरच्या स्वरांची शाश्वती घेतली, पण आवाजाचा पोत आपलाच ठेवला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हे स्पष्ट कळतं. आवाज उजळ, थोडा अरुंद, पुढच्या दातांशी आलेला. नोला जागच्या जागी. आणि शब्द स्वच्छ. पाश्चात्त्य गायनगुरूनं त्याला नावं ठेवली असती. माझ्या मते मात्र उझबेक ऑपेरा पहिल्या दहा वर्षांत टिकला तो याच ‘दोषा’मुळे. नव्या सांगाड्यातून ओळखीचा आवाज आला म्हणून लोक थांबले, नाहीतर पहिल्या अंकानंतर सभागृह रिकामं झालं असतं. मैदानात बशी धरून गाणाऱ्यांचा वारसा होताच. दूर पोचायचं आणि शब्दही जपायचा, हे तिथल्या गायकीला मुळात नवं नव्हतं.

मे 1937 मध्ये मॉस्कोत उझबेक कलेचा दहा दिवसांचा महोत्सव भरला. स्टालिनच्या काळात प्रत्येक प्रजासत्ताकाला अशी परीक्षा द्यावी लागे. आदल्या वर्षी कझाकांची पाळी झाली होती, आणि त्यांची चोवीस वर्षांची गायिका कुलाश बैसेतोवा हिला ‘सोव्हिएत संघाची लोककलाकार’ हा नवा किताब मिळालेल्या पहिल्या तुकडीत थेट स्तानिस्लावस्कींच्या पंगतीत बसवण्यात आलं होतं. उझबेकांनी ‘फरहाद-शिरीन’ आणि ‘गुलसारा’ ही दोन संगीत नाटकं नेली. दोन्हींत नायिका हलिमाच. एक नायिका मध्ययुगीन दंतकथेतली, दुसरी परंजी फेकायला निघालेली आजची बाई. ‘गुलसारा’चं संगीत राइनहोल्ड ग्लियर यांनी उझबेक सहकाऱ्यांबरोबर रचलं होतं, लहानपणी प्रोकोफिएवला शिकवणारे ते हेच. तोख्तासिन जलिलोव आणि तालिबजान सादिकोव यांनी लोकगीतांच्या चाली पुरवल्या, ग्लियर यांनी त्यांना वाद्यवृंदाची बैठक दिली. संहिता लिहिणाऱ्यांत होते कामिल याशिन, म्हणजे हलिमांचे पती. नवऱ्यानं नायिका लिहायची आणि बायकोनं ती गायची, असं हे घर पुढेही बरीच वर्षं चाललं.

महोत्सव गाजला. त्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी, हलिमाही ‘सोव्हिएत संघाच्या लोककलाकार’ झाल्या.

त्याच 1937 ची दुसरी बाजूही आहे. महोत्सवानंतर काही आठवड्यांतच उझबेकिस्तानच्या सरकारचे प्रमुख फैजुल्ला खोजायेव आणि काही महिन्यांत पक्षाचे प्रमुख अकमल इक्रामोव यांना अटक झाली. मार्च 1938 मध्ये दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. बुखाऱ्याच्या दरबारी ‘शशमकाम’ गायकीची स्वरलिपी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात करवून घेणारे विद्वान फितरत आणि कवी चुल्पान यांचा निकाल त्याच वर्षी ऑक्टोबरात लागला. एका हातानं संस्कृती उभारायची आणि दुसऱ्या हातानं ती जाणणारी माणसं संपवायची, अशा काळात एक गायिका किताब घेऊन घरी परतली. तिच्या मनात काय चाललं असेल याचा तर्क करण्यात अर्थ नाही. ती गात राहिली एवढं खरं.

पहिला उझबेक ऑपेरा ‘बुरान’ (वादळ) 1939 च्या जूनमध्ये ताश्कंदला झाला. विषय 1916 चा उठाव. झारनं मध्य आशियातल्या पुरुषांना युद्धकाळात पिछाडीच्या मजुरीसाठी सक्तीनं नेण्याचा हुकूम काढला, त्याविरुद्ध पेटलेला. संहिता पुन्हा याशिन यांची, नायिका पुन्हा हलिमा. संगीत मॉस्कोचे बुजुर्ग सेर्गेई वासिलेन्को आणि त्यांचे बुखाऱ्याचे शिष्य मुख्तार अशरफी यांचं. त्या काळी सगळ्या मध्य आशियात ही जोडीची पद्धत होती: चाल गावची, मांडणी शहरची. अशा कलमी झाडाला कधी गोड फळ येतं, कधी नुसता पाला. ‘बुरान’मध्ये समूहगानं दणकट आहेत, पण एकेरी गाण्यांना हार्मनीचं ओझं जाणवतं. पुढच्या वर्षीचा ग्लियर आणि सादिकोव यांचा ‘लैला-मजनू’ अधिक सुरेल उतरला. त्यात पारंपरिक सुरावटींना फारसा धक्का लावलेला नाही. वाद्यवृंद पाठीमागे पडदा धरतो आणि गळ्याला वाट मोकळी करून देतो. लैला ही हलिमांची सर्वांत जमलेली भूमिका मानली जाते, ती उगाच नव्हे.

मग युद्ध आलं. वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडची कॉन्झर्व्हेटरी ताश्कंदला हलवण्यात आली आणि एकाएकी या शहरात पहिल्या प्रतीचे वादक-शिक्षक गल्लोगल्ली दिसू लागले. अलेक्सेई कोझलोव्स्की हे संगीतकार त्याआधीच, 1936 मध्ये, हद्दपारीची शिक्षा म्हणून तिथं आले होते आणि शिक्षा संपल्यावरही तिथलेच झाले. समरकंदच्या खगोलज्ञ सुलतानावरचा त्यांचा ‘उलुगबेग’ 1942 मध्ये रंगमंचावर आला. त्यात हलिमांनी चिनी राजकन्या केली. त्याच वर्षी त्यांना पहिलं स्टालिन पारितोषिक मिळालं. दुसरं 1951 मध्ये. बिझेची ‘कार्मेन’ही त्यांनी गायली.

आजचं नवाई थिएटर 1947 मध्ये खुलं झालं. वास्तुरचना अलेक्सेई श्चुसेव यांची. मॉस्कोतली लेनिनची समाधीही त्यांचीच. दर्शनी भाग युरोपीय, पण आतली सहा दालनं ताश्कंद, समरकंद, बुखारा, ख्वारिझम, फरगाणा आणि तेर्मेझ यांच्या शैलीत. भिंतींवर ‘गंच’ची, म्हणजे कोरीव गिलाव्याची, नाजूक कामं, बुखाऱ्याचे उस्ताद शिरीन मुरादोव आणि इतर कारागिरांच्या हातची. बांधकामावर युद्धात पकडलेले जपानी कैदीही राबले. त्यांच्या आठवणीचा फलक आज इमारतीच्या भिंतीवर आहे. मराठी वाचकाला ताश्कंद माहीत असतं ते लालबहादूर शास्त्रींमुळे, जानेवारी 1966 मुळे. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 26 एप्रिलच्या पहाटे, त्याच शहराला मोठा भूकंप झाला आणि जुन्या वस्तीचा मोठा भाग आडवा झाला. थिएटर मात्र उभं राहिलं.

मधल्या काळात आणखी एक वळण आलं. 1950 च्या दशकाच्या आरंभी पक्षाला मकाम गायकी ‘सरंजामी’ वाटू लागली. दरबारात वाढलेली, दुःखाळलेली, नव्या माणसाला न शोभणारी! ऑपेरावाल्यांचीही झाडाझडती झाली, ‘उलुगबेग’ टीकेच्या तडाख्यात सापडला. वाद्यांचे पडदे तर आधीच बदलले गेले होते. अशोत पेत्रोस्यांत्स यांच्या हाताखाली दुतार-घिज्जक बारा स्वरांच्या पाश्चात्त्य सप्तकात बसवून लहानमोठ्या आकारांत घडवले गेले, जेणेकरून त्यांचाही वाद्यवृंद व्हावा. हार्मोनियमनं श्रुती खाल्ल्या म्हणून इथं जो वाद झाला, त्याचाच हा उझबेक अवतार. स्टालिन गेल्यावर हवा पालटली. युनुस रजबी यांनी 1959 मध्ये रेडिओवर मकाम गायकांचा संच बांधला आणि विखुरलेली शशमकाम शब्दांसकट छापून काढली. ऑपेरा आणि मकाम हे वैरी नाहीत, असं म्हणायची मुभा मिळाली. हलिमा तोवर तेच करत आल्या होत्या: संध्याकाळी ऑपेरा, आणि मैफलीत दुतारावर लोकगीतं.

त्यांच्यानंतरची पिढी वेगळी निघाली. सादत काबुलोवा ही खऱ्या अर्थानं युरोपीय घडणीची सोप्रानो. व्हायोलेटा, जिल्डा, बटरफ्लाय अशा भूमिका करून 1970 मध्ये तीही ‘सोव्हिएत संघाची लोककलाकार’ झाली. ऑपेराच्या मंचावरच्या करीम झाकिरोव या बॅरिटोनच्या घरात तर भलतंच घडलं. थोरला मुलगा बातिर बापाची वाट सोडून सुगम गाण्याकडे वळला. 1959 मध्ये मॉस्कोत गायलेल्या ‘अरबी टँगो’नं तो सोव्हिएत संघभर पोचला. धाकटा फर्रुख ‘याल्ला’ या बँडचा म्होरक्या झाला आणि त्यांचं ‘उचकुदुक’ हे वाळवंटातल्या तीन विहिरींचं गाणं आजही लग्नांत वाजतं. अगदी अलीकडे, जुलै 2022 मध्ये, ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझ महोत्सवात सरोवरावरच्या मंचावर ‘मादाम बटरफ्लाय’च्या पहिल्या रात्री नायिका होती बर्नो इस्मतुल्लायेवा, उझबेकिस्तानची. पावसानं खेळ अर्ध्यावर सभागृहात हलवावा लागला, पण नाव व्हायचं ते झालं.

हलिमा नासिरोवा 3 जानेवारी 2003 रोजी ताश्कंदमध्ये वारल्या. ज्या राज्यानं त्यांना घडवलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत अकरा वर्षांपूर्वीच मोडलं होतं. ‘बुरान’ आज सहसा कुणी करत नाही, आणि त्याचं फारसं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तो इतिहासाचा ऐवज आहे, मैफलीचा नाही. हलिमांचं लोकगीतांचं ध्वनिमुद्रण मात्र आजही ताजं वाटतं. इंटरनेटवर त्यांच्या जुन्या मुद्रिका सापडतात. ऐकायच्याच तर आधी दुतारावरचं एखादं गाणं ऐका, मग ‘लैला-मजनू’मधला तुकडा. औजला पोचताना आवाज कसा चढतो तेवढं दोन्हीकडे पाहा; भाषेचं ओ का ठो कळत नसलं तरी अडणार नाही.